धर्माकाकांची बंद पडणारी व्हॅन

आमचे हे, म्हणजे धर्माजी शिगवण, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलत असतील. उरलेलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलंय आणि मी ते मन लावून करते. रत्नागिरीहून मुंबईला आले, आधी टेम्पो चालवला, मग ही जुनी व्हॅन घेऊन शाळेची पोरं सोडायला लागले. भाईंदर पश्चिमेला कुणालाही विचारा, धर्माकाका म्हटल्यावर घरापर्यंत आणून सोडेल. इतक्या वर्षांत एका पोराच्या अंगावर ओरखडा नाही. मी मागे पोरांबरोबर बसते, मदतनीस म्हणून. पोरं ह्यांना काका म्हणतात आणि मला मावशी. काकाची बायको मावशी कशी, असं पहिलीतल्या समिधाने एकदा विचारलं होतं. हे तेव्हा चक्क हसले होते.

गणपती झाले आणि व्हॅन बंद पडायला लागली. पहिल्यांदा मोरव्याच्या रस्त्यावर, स्पीडब्रेकरवर. चालता चालता एकदम गप्प. ह्यांनी किल्ली फिरवली, लगेच चालू. "कचरा आला असेल," हे म्हणाले. मला नाही पटलं. गाडीला नजर लागली होती, दुसरं काय! किल्लीला घराच्या आणि कपाटाच्या चाव्या होत्याच, त्यात मी गावदेवीची पितळी घंटा अडकवली.

आठ दिवसांनी उड्डाणपुलावर बंद पडली. मागून गाड्यांचे हॉर्न, पोरं घाबरीघुबरी. त्या आठवड्यात किल्लीला मारुतीची गदा लागली. पुढे काशीमिऱ्याला भर सिग्नलपाशी बंद पडली, तेव्हा मी घोड्याची नाल आणली. चांगली जाडजूड, लोखंडी. हलकंसलकं काही मला चालत नाही.

गॅरेजच्या वाऱ्या तर विचारूच नका. मोरव्याचा साईराज पाटील आमचा नेहमीचा मेकॅनिक. त्याने फिल्टर बदलला, प्लग बदलले, कॉइल बदलली, गॅसचा किट उघडून साफ केला. मग स्वतः व्हॅन घेऊन जायचा, पार घोडबंदरपर्यंत फिरवून आणायचा. त्याच्या हातात एकदा म्हणून बंद पडली नाही. चौथ्या खेपेला तो हात पुसत म्हणाला, "काका, गाडीत कायपण न्हाय. आता चालवणाऱ्याचं काय असंल तर तुमी बघा."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्या, तू रांगत होतास तेव्हापासून हे स्टेअरिंगवर आहेत!" मी भर गॅरेजात त्याची खरडपट्टी काढली.  ह्यांनी मात्र किल्ली घेतली आणि निघाले.

त्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर हे खुर्चीवर बसून उजवा पाय पुढे-मागे करत होते. टाच टेकवायची, बोटं दाबायची, सोडायची. परत दाबायची. समोर ना गाडी ना काही.

"गिरिजा, माझा पाय पेडलवरून सुटत असेल काय गं? आणि मला कळत नसेल?"

 नजरेची भीती वेगळी, तिला उतारा असतो. ह्याला काय करायचं? साठीला आलेला माणूस, मागे दुसऱ्यांची पोरं, आणि शाळा वरसाव्याला, हायवे ओलांडून. तिथे ट्रेलर येतात ते डोंगर चालून आल्यासारखे. त्या दिवसापासून मी जीव मुठीत धरून व्हॅनमध्ये बसायला लागले. हे गाडी हळू चालवायचे, इतकी हळू की रिक्षावाले शिव्या घालायचे. माझा डोळा लागला की स्वप्नात वरसाव्याचं वळण यायचं. व्हॅन बंद ठेवा म्हणायचं माझ्या ओठावर होतं. पण मी तसं म्हटलं असतं तर ह्यांना वाटलं असतं, हिलाही माझ्या पायाचा भरवसा नाही. म्हणून मी, एवढी बोलणारी बाई, गप्प बसले.

गुरुवारी सकाळी तेच झालं ज्याची मला भीती होती.

वरसाव्याला आमचा सिग्नल सुटला. ह्यांनी व्हॅन उजवीकडे वळवली. रेडिओवर गाणं चालू होतं, पोरं त्यावर टाळ्या वाजवत होती. पुढचं चाक खड्ड्यात आदळलं आणि सगळं गप्प झालं. आम्ही हायवेवर आडवे. गुजरातकडून ट्रेलर येत होता, त्याने काही सिग्नल पाळला नव्हता. मी समिधाला पोटाशी धरलं, दुसऱ्या हाताने जेवढी पोरं कवेत येतील तेवढी ओढली आणि डोळे मिटले. ब्रेकचा आवाज अजून माझ्या कानात आहे. डोळे उघडले तेव्हा ट्रेलरच्या बंपरला बांधलेलं लिंबू खिडकीतून दिसत होतं. हात बाहेर काढला असता तर लिंबाला टेकला असता. ह्यांनी किल्ली फिरवली, व्हॅन चालू झाली, जणू काही झालंच नाही.

पोरं शाळेत गेली. हे फाटकाबाहेर कठड्यावर बसले ते उठेचनात.  "बस झालं. आज पालकांना सांगतो, दुसरा माणूस बघा. मी परत ह्या सीटवर बसणार नाही." पोरांना न्यायला मी दुसरी गाडी सांगितली आणि साईराजला फोन लावला. "ही गाडी इथून घेऊन जा बाबा, ह्यांच्याच्याने होत नाही."

तो स्कूटरवरून आला. माझा चेहरा बघून आधी पाणी दिलं. मग विचारलं, "काकी, बंद पडली तवा डॅशबोर्डवरचे लाल दिवे लागले, का सगळंच विझलं?"

"सगळंच. अरे, रेडिओसुद्धा बंद पडला."

"रेडिओ?" तो थबकला. "मंग इंजिनाचा दोष न्हाय. करंटच तुटतोय." तो सीटवर बसला, आणि स्टेअरिंगखाली हात नेल्यावर त्याच्या हाताला घंटा लागली. "ह्ये काय हाय? माझ्याकडं गाडी येते तवा ह्ये नसतं."

नसायचंच. देवाच्या वस्तू तेलकट हातात नको म्हणून मी दर वेळी जुडगा काढून घ्यायचे आणि त्याला एकटी किल्ली द्यायचे. आज त्या धांदलीत ते राहूनच गेलं.

त्याने व्हॅन चालू केली. मग एका बोटाने जुडगा जरासा खाली ओढला. व्हॅन बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा ओढला. पुन्हा बंद.

"किल्लीचा स्विच आतून झिजलाय, काकी. नुसत्या किल्लीनं चालतं. पन ह्येवढं वजन खड्ड्यात हेलकावलं की किल्ली वढली जाते."

 घंटा मी लावली. गदा मी लावली. नाल तर खास जाड बघून आणली. दर वेळी व्हॅन बंद पडली की मी घाबरायचे आणि अजून एक वजन लावायचे. पोरांना वाचवायला म्हणून मीच त्यांना ट्रेलरसमोर नेऊन उभं केलं होतं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हे खाली बघत होते. उजवा पाय मातीत पुढे-मागे करत होते.

"म्हणजे माझा पाय नव्हता," हे म्हणाले, आणि भर रस्त्यात ढसाढसा रडले.

नवीन स्विच बसला. सोमवारी हे पुन्हा सीटवर बसले, किल्ली एकटी. समिधाच्या बिल्डिंगखाली तिची आई स्वाती उभी होती. लेकीकडून ट्रेलरचं कळलं होतं, चेहरा उतरलेला. मुठीतून तिने पितळी मारुती काढला. चांगला वजनदार. "मावशी, झोप नाही हो मला. एवढा किल्लीला लावाल?"

तिला खरं सांगताना आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द सापडेनात. ट्रेलर, जुडगा, माझी नाल, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता लेकीचा हात धरून वर घेऊन जाणार. तिने समिधाला उचलून माझ्या मांडीवर बसवलं आणि मारुती माझ्या हातात ठेवला. "मग तुमच्याजवळ ठेवा."

मी तो पदराच्या गाठीत बांधला. तिथे घंटा, गदा आणि नाल आधीच होती.

वरसाव्याचं वळण आलं. चाक त्याच खड्ड्यात आदळलं. मी हाताने गाठ आवळून धरली, तरी घंटा वाजलीच. ह्यांनी आरशातून बघितलं.

"काय वाजतंय?"

"मी आहे," म्हटलं. "तुम्ही पुढे बघा."