ओनोनकाठच्या बाई

२००२ साली अमेरिकेत, हर्नडनमध्ये, माझी नोकरी गेली आणि तीन आठवड्यांनी गंगाखेडला वडील गेले. दुसऱ्या एका कंपनीनं माझ्या व्हिसाचा अर्ज केला होता. निकाल लागायच्या आत देश सोडला तर अर्ज बाद होईल, असं वकिलानं फोनवर सांगितलं. मी गेलो नाही.

वडील ज्या शाळेत शिपाई होते तिथंच मी शिकलो. त्यांनी घंटा वाजवली की मी वर्गात बसायचो. घरातला पहिला पदवीधर मी, थोरला मुलगाही मीच. अग्नी धाकट्यानं दिला. अस्थी त्यानं गोदावरीत सोडल्या, पण चिमूटभर माझ्यासाठी राखून ठेवल्या. लेकीच्या बाळंतपणाला इकडे आलेल्या एका काकूंच्या सामानातून त्या पितळी डबीत माझ्यापर्यंत पोचल्या.

"दादा, एवढं तरी तुझ्या हातानं होऊ दे," असं तो म्हणाला होता.

अस्थी घरात आणत नाहीत. मी डबी फडक्यात बांधून बाल्कनीच्या कठड्याला टांगली. रोज उठलो की आधी पडदा सारून ती जागेवर आहे ना ते पाहायचो. वारा सुटला की गाठ पुन्हा आवळायचो.

इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची मशिनं होती. तिथं वरच्या मजल्यावरच्या एक मंगोल बाई भेटायच्या. तिकडे त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, इथं लोकांची मुलं सांभाळायच्या. आमच्याकडे शिक्षिकेला बाईच म्हणतात हे सांगितल्यापासून मी त्यांना बाई म्हणू लागलो. दोघांचंही इंग्रजी मोडकंच, पण निभायचं.

एकदा त्यांनी साबणाच्या खोक्यावर मला ओनोन नदी काढून दाखवली. खेंतीच्या डोंगरात उगम, मग ईशान्येला, सरहद्द ओलांडून रशियात. पुढं दुसऱ्या नद्यांत मिसळत तिचं पाणी पार प्रशांत महासागराला मिळतं. मंगोलांचा पहिला मोठा खान तिच्याच काठी जन्मला असं मानतात, आणि तिच्याच उगमाकडे सगळ्या टोळ्यांनी जमून त्याला खान केलं.

"आम्ही तिला आई म्हणतो," बाई म्हणाल्या. "तिच्यात कपडे धूत नाही. पाणी भरून लांब नेतो, तिथं धुतो."

"आमच्या घाटावर अख्खं गाव धुतं. म्हशीसुद्धा."

"मग तुमची आई फार सोशीक दिसते."

किती तरी दिवसांनी मी हसलो. त्याच हसण्याच्या भरात विचारलं, मला इथल्या पोटोमॅक नदीवर न्याल का? माझ्याकडे गाडी नव्हती. नदीची पूजा करायची आहे, एवढंच सांगितलं. अस्थींचं बोललो नाही. का बोललो नाही, ते आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्या नाही म्हणतील असं वाटलं.

रविवारी सकाळी आम्ही काठावर उतरलो. बाईंनी येताना दुधाचा डबा आणला होता. त्यांनी बोट बुडवून दूध पाण्यावर शिंपडलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. मग मला म्हणाल्या, "आता तुझं."

मी डबी उघडली. बाईंनी आत पाहिलं आणि माझं मनगट धरलं.

"हे काय आहे?"

"वडील."

"पाण्यात नको. माणूस पाण्यात टाकायचा नाही. अरे, खाली लोक हे पाणी पितात!"

"बाई, आमच्याकडे पाण्यात सोडल्याशिवाय सुटका नाही."

"मग तुझ्या नदीत सोड."

"तिथं जाता येत नाही मला!"

मी ओरडलो होतो. बाईंनी हात सोडला. त्यांची आई ओनोनकाठी अंथरुणाला खिळलेली होती आणि त्यांनाही जाता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी ओरडलो. त्या चढ चढून गाडीपाशी गेल्या आणि नदीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मी दक्षिणेकडे तोंड करून डबी पालथी केली. पाण्याला तिथं ओढच नव्हती. दगडांच्या खोबणीत राखेचा करडा थर तरंगत राहिला. मी हातानं पाणी ढकललं, थर फाटला आणि पुन्हा जुळून आला. गुडघ्याएवढ्या गार पाण्यात उतरून मी दोन्ही हातांनी उपसत राहिलो. "जा बाबा, जा ना," म्हणत राहिलो. थोडं गेलं. बरंचसं दगडांना चिकटून बसलं.

त्यानंतर तळघरात त्या मी नसताना येऊ लागल्या.

संध्याकाळी भावाचा फोन आला.

"दादा, झालं? वाहून गेल्या?"

"हो," मी म्हणालो. "लगेच."