कौतिक अन् दापोऱ्याचा गोळोबा

कौतिकचा शौक असा होता, की ऐकणारा आधी हसायचा अन् पाहणारा मंग गप व्हायचा.

बुऱ्हाणपुरात शहराच्या कोटाबाहेर त्याचं घर, नदीकडे दोन एकर केळी. कोणी कबुतरं पाळतं, कोणाले पत्त्याचा नाद असतो. यानं लढायांचं सामान जमवलं. अन् माणूस कसा, तर घरात बकरं कापायचं म्हटलं की खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर निघून जायचा. स्वतः कधी काठी उगारली नाही कोणावर.

सुरवात टेसनावरून झाली. मोठ्या लढाईच्या सालात तो केळीचे वॅगन भराले जायचा, अन् पल्टनींच्या गाड्या तिथं पाण्यासाठी उभ्या राहायच्या. गोरे काय, काळे काय, पगडीवाले काय, सगळे खिडकीतून हात काढून केळी मागायचे. बाकीचे लोक पैसे घ्यायचे. कौतिक एक फणी पुढं करायचा अन् सोल्जरच्या कोटाच्या बटनाकडे बोट दाखवायचा. सोल्जर हसायचे, बटन तोडून द्यायचे. एकानं लोखंडी टोप दिला. टोपाले बाजूनं भोक, आपली करंगळी जाईन एवढं. देणाऱ्यानं केळीही घेतली नाही, गाडी हालली तशी टोप खाली ठेवला अन् तोंड फिरवून घेतलं. कौतिक कितीतरी दिवस तो टोप मांडीवर घेऊन बसायचा. बायको रंभाबाई म्हणायची, त्यात दाणे भिजू घाला, काहीतरी कामाले तर येईन. तो म्हणायचा, "अवं, यात कोणाचं तरी डोकं होतं."

मंग देश आजाद झाला. लहानमोठे राजे-नवाब आपापलं राज देशात मिसळून द्यायले लागले, टेसनावर रोज नवी खबर. निजामाच्या मुलखाकडे पल्टनी निघाल्या, तेव्हाच्या एका गाडीतून त्याले दिशेची डबी मिळाली. पितळेची डबी, काचेखाली सुई. डबी कशीही फिरवा, सुई फिरून उत्तरेलेच जायची. कौतिक घरात फिरवायचा, शेतात फिरवायचा, विहिरीत उतरून फिरवायचा. सुई ऐकायची नाही. त्यानं एकदा तिले हात जोडले, ते रंभाबाईनं पाहिलं.

अन् तोफेचे गोळे. आपल्या भागात जुन्या काळी कोण कोणाशी लढलं याचा काही हिशेब नाही, विहीर खणा, बांध फोडा, कुठं ना कुठं गोळा निघायचाच. लोक त्याले लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवायचे. कौतिक केळीचा घड घेऊन जायचा, गोळा घेऊन यायचा. अशा सोळा घरचं लोणचं त्यानं उघडं पाडलं, म्हणून बाया त्याले पाहिलं की बरणी झाका म्हणायच्या.

देडतलाई गावचा देवराम हवालदार तोफखान्यातून घरी आला होता. त्यानं कौतिकले एक गोष्ट शिकवली. ठोस गोळा ठोकला तर ठक् वाजतो अन् थांबतो. पोकळ गोळा टण्ण वाजतो. "पोकळ सापडला तर हात लावू नको," देवराम म्हणाला. "त्याच्या पोटात बारूद राहते. डोक्याले भोक, भोकात लाकडाची खुंटी, खुंटीत वात. वात जळत पोटात गेली की आजूबाजूचं माणूस राहत नाही. अन् बारूद कोरडी राहिली तर शंभर वर्सं मरत नाही." कौतिकनं ते ऐकलं अन् अंगावर काटा उभा राहिला. शंभर वर्सं झोपून राहाचं अन् तरी जिवंत राहाचं, असं काय असते जगात?

आता त्याची लेक. कोकिळा त्याची एकटीच. दापोऱ्याले दिली होती. तिची सासू सोजरबाई म्हणजे गावातलं वजन, अन् गावाचा गोळोबा तिच्याच घरच्या वावरात. बांधावर ओटा, ओट्यावर शेंदरानं मढलेला देव, टरबुजाएवढा. त्याच्या पूजेचे हक्क तिच्या घराकडे. कोकिळाले सहा वर्सं मूल नाही. लेकीले पोर होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नसतं, म्हणून कौतिक सहा वर्सं व्याह्याच्या दारात उभा राहून बोलायचा अन् तहान लागली की पाटाचं पाणी प्यायचा. सोजरबाईनं गोळोबाले नवस केला. सातव्या वर्षी गोटू झाला.

त्या आखाजीले, म्हणजे अक्षय्य तृतीयेले, गोटूचं जावळ ठरलं, गोळोबापुढं. कौतिक दोन दिवस आधीच गेला. पहिल्यांदा त्या घरचं पाणी प्याला, तांब्या दोन्ही हातांनी धरून. अन् त्याच दुपारी वावरातून हाका आल्या, की देवानं खोळ टाकली.

खोळ टाकणं म्हणजे काय, तर वर्सानुवर्सं शेंदूर अन् तेल चढून देवावर जाड कवच होतं. ते कधीतरी आपोआप गळून पडतं. मोठा शकुन. ती खोळ वाजतगाजत तापीत सोडतात. सारं गाव धावलं. जुन्यातल्या जुन्या म्हाताऱ्यानंही गोळोबाचं खरं रूप पाहिलं नव्हतं. काळं लोखंड, गोल, अन् डोक्यावर एक भोक, त्यात लाकूड कुजून बसलेलं. बाया रडाले लागल्या. सोजरबाई ओट्यावर डोकं टेकून म्हणाली, देवानं ज्योतीची जागा दाखवली. परवा जावळाच्या वेळी लाकूड टोकरून काढू, त्या भोकात कापूर लावू, अन् गोटूचं डोकं देवाच्या डोक्याले टेकवू.

कौतिक गर्दीत मागं उभा होता. तो पुढं सरकला अन् काठीच्या टोकानं देवाले हळूच टोचलं.

टण्ण वाजलं.

भीती होतीच, पण खोटं कशाले सांगू, भीतीच्या आधी दुसरंच काही आलं. ज्याची गोष्ट त्यानं फक्त ऐकली होती, ते समोर होतं. किती पिढ्यांनी त्याच्यापुढं दिवे लावले, नारळ फोडले, लेकरं निजवली, अन् ते आत जागंच होतं. त्याले वाटलं हात जोडावे. त्यानं जोडलेही.

मंग तो सोजरबाईकडे गेला अन् हळू आवाजात सगळं सांगितलं. विहिणीपुढं लेकीचा बाप किती बोलू शकतो? सोजरबाईनं पुरं ऐकून घेतलं. मंग चारचौघांत मोठ्यानं म्हणाली, "व्याही, सोळा घरच्या बरण्या झाल्या, आता देवावर नजर गेली का?"

लोक हसले. कोणी म्हणालं, केळीचा घड आणला का संगं. कौतिक म्हणाला, भोकातून सांडलेला काळा चुरा ओट्यावर पडला आहे, चिमूटभर इंगळावर टाकून पाहा, भक्कन पेटला तर बारूद समजा. पण तो चुरा तर सोजरबाईनं आधीच अंगारा म्हणून पदराले बांधला होता. अंगारा चुलीत कोण टाकणार? तिनं कानावर हात ठेवले. जावई मान खाली घालून उभा राहिला. कोकिळा बापाले एका बाजूले घेऊन म्हणाली, "बाबा, सहा वर्सं मी या घरात खाली पाहून राहिली. आता गप बसा."

कौतिक गाडी जुंपून घरी आला. रात्रभर त्याले झोप नाही. लेक म्हणते तसं गप बसावं तर गोटूचं डोकं त्या लोखंडाले टेकणार. बोलावं तर कोण ऐकणार? ज्या माणसानं जन्मभर गोळे मागून नेले, त्याच्या तोंडची गोळ्याची गोष्ट खरी कशी वाटणार? आपला शौकच आपल्या आड आला, हे त्याले कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी भरली. टोप, बटनांची पिशवी, सोळा गोळे, पाण्याच्या बाटल्या, पट्टे, सगळं. रंभाबाई दारात उभी राहून पाहत होती. आखाजीच्या सकाळी तो दापोऱ्यात शिरला तेव्हा लोक खोळ घेऊन नदीवर निघाले होते. त्यानं सोजरबाईपुढं गाडी उभी केली.

"विहीणबाई, देवाच्या अंगाले भोक आहे. भंगलेला देव पुजत नाहीत, तापीले देतात, ही रीत तुम्हाले माहीत आहे. खोळीसंगं देवही सोडा. अन् मी तो मागाहून काढून नेईन असं वाटत असेल, तर आधी माझं हे सारं सोडतो. यातलं एकही घरी राहिलं तर मले खोटा म्हणा."

सोजरबाई गाडीत पाहत राहिली. ते सामान तिनं कधी पाहिलं नव्हतं, फक्त हसली होती. तिनं टोप उचलला, भोकात बोट घातलं अन् बोट तसंच राहिलं. मंग म्हणाली, दोन्ही सोडा.

कौतिक तापीच्या डोहाच्या काठावर उभा राहिला. गोळे गेले. बटनं गेली, मूठ मूठ. टोप पाण्यावर थोडा तरंगला, मंग भोकातून पाणी भरून खाली बसला. शेवटी डबी. ती त्यानं हातात धरून ठेवली अन् मंग पाण्यात अलगद सोडली. पाणी नितळ होतं. डबी हेलकावे खात, फिरत खाली चालली होती, अन् काचेखालची सुई उत्तरेलेच होती. दिसेनाशी होईस्तोवर उत्तरेलेच.

मंग तो वावरात गेला. सगळ्यांले दूर उभं केलं. ओलं पोतं गोळोबाले गुंडाळलं अन् पोटाशी धरून, लहान पोर उचलावं तसं, गाडीत न ठेवता चालत नदीवर आणलं. वाटेत त्याले आतून आवाज येत होता, मडक्यात बाजरी हालावी तसा खस् खस्. गाव शंभर पावलं मागून चालत होतं. वाजंत्री बंद.

छातीएवढ्या पाण्यात गेल्यावर त्यानं देव पाण्याखाली धरला अन् बोटानं ते कुजलं लाकूड काढलं. बुडबुडे आले. अन् बुडबुड्यांमागं काळं आलं. काजळासारखं, पाण्यात लांबच लांब पट्टा, येतच राहिलं. देवाच्या पोटात एवढं काळं असेल हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. पट्टा काठाले लागला तशी सोजरबाई खाली बसली. तिनं पदराची गाठ सोडली, तो चुरा अन् पाण्यातला चुरा एकमेकांशेजारी पाहिला. मंग पदरच पाण्यात धुवाले लागली, खूप वेळ. गोटू कोकिळाच्या कडेवर होता, त्याले तिनं घट्ट आवळलं.

कौतिकनं हात सोडले. गोळोबा डोहात गेला.

जावळ वाळूवरच काढाचं ठरलं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात. कोकिळाले भाऊ नाही, म्हणून सोजरबाईनं आपल्या नात्यातला एक मानलेला मामा आणला होता. तो बसाले लागला, तशी ती म्हणाली, थांब. कौतिक काठावर उभा होता, धोतर निथळत होतं, नखं काळी झाली होती.

"व्याही," ती म्हणाली, "मांडी द्या."

"ओली आहे, विहीणबाई."

"राहू द्या ओली."

तो वाळूत बसला. गोटूले मांडीवर ठेवलं तसा थंड धोतरामुळं तो आधी रडला, मंग न्हाव्याच्या वस्तऱ्याकडे पाहत राहिला. कोवळे केस कौतिकच्या काळ्या बोटांवर पडत होते. त्यानं एका हातानं पोराचं उघडं डोकं धरलं होतं. टाळू मऊ होती अन् तिथं आत ठोका पडत होता. कौतिकनं आपला श्वास हळू केला, तो ठोका ऐकू यावा म्हणून.