आत्याची न्हाणी

अकोल्यातल्या सगळ्या न्हाव्यांनी मिळून हाताळली नसतील इतकी डोकी माझ्या एकट्या आत्यानं धुतली, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. मोर्णेच्या काठी तिचा भाजीचा मळा होता. सकाळी ती बाजारात वांगी, भेंडी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बसे. पण तिचं लक्ष गिऱ्हाइकापेक्षा त्याच्यासोबतच्या लेकराच्या डोक्याकडे. तिथं काही वळवळलं, की ती तराजू ठेवून फणी काढी. एकदा एक वकिलीणबाई भेंडी निवडत होत्या, तेवढ्यात तिनं त्यांच्या चिरंजिवांना मांडीत दाबून विंचरून काढलं. बाई शरमल्या, तेव्हा म्हणाली, ‘‘लाजता कावून बाई? उवाले वकील आन् मजूर सारखाच.’’ वर भेंडीवर मूठभर सांबार फुकट घातला. आम्हा भाचरांना तर सुटीत तिच्याकडे जायची धास्तीच वाटे. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं म्हणून रडलो, तर म्हणे, ‘‘रड. डोळेबी धुऊन निघतीन.’’

कोणाचं ऐकून घेणं तिच्या स्वभावातच नव्हतं. ऐकलं ते एकदाच, आणि तेही सात वर्षांच्या पोरीचं.

ही पोर कापसाच्या जिनातल्या एका मजुराची. डोक्यात खरजा झाल्या म्हणून मास्तरांनी तिला शाळेतून परत पाठवलं होतं. बापाला न सांगता ती रोज शाळेच्या खिडकीखाली बसून आतले पाढे ऐके. बाजारातून परतताना आत्यानं तिला पाहिलं.

‘‘घरी कावून जात नाई वं?’’

‘‘घरी कोणी नाई.’’

आत्यानं तिला मळ्यातल्या विहिरीवर नेलं, कडुलिंबाचं पाणी तापवलं आणि कात्री काढली. पोरीनं दोन्ही हातांनी वेणी धरली. घट्ट, तेलकट, जट झालेली वेणी.

‘‘कापू नको. मायनं घातली हाये.’’

माय जाऊन दोन महिने झाले होते.

आत्यानं कात्री खाली ठेवली. त्या दिवसापासून बाजार उठला, की ती पोरीला पुढ्यात घेऊन बसे आणि करंजाचं तेल लावून रोज दोन बोटं वेणी सोडवी. मी तेव्हा शिकायला तिच्याकडेच होतो. इतक्या हलक्या हातानं तिनं माझं डोकं कधी विंचरलं नाही. शेवटची गाठ सुटली, तशी पोर मागं वळली. मग म्हणाली, ‘‘आता तू घालतं का?’’

खरजा बऱ्या झाल्यावर आत्याच तिला शाळेत घेऊन गेली. मास्तरांनी डोकं निरखलं आणि म्हणाले, ‘‘बस, बाळ, जागेवर.’’ पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच आणखी चार मुली मळ्यावर पाठवल्या. मग शेजारणी शिकेकाई घेऊन आल्या, वकिलीणबाईंनी जुने परकर-झगे आणले, आणि दर गुरुवारी विहिरीवर न्हाणी सुरू झाली. कोणी सुचवलं, रीतसर मंडळ काढा, अध्यक्ष नेमा, नागपूरला अर्ज पाठवा. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले. आत्या म्हणाली, ‘‘नागपूरले इचारून काय उवा मरतीन?’’ मंडळ पुढं निघालंच. ती मात्र त्याच्या बैठकीला एकदाही गेली नाही.

तिच्या अखेरच्या दुखण्यात मी अमरावतीहून भेटायला आलो, तो नेमका गुरुवार होता. खाटेपाशी बसून मी तिचा हात हातात घेतला. खरखरीत होता, पण वजन उरलं नव्हतं. बाहेर पोरांचा गलका चालला होता. तिनं डोळे उघडून हात सोडवून घेतला.

‘‘माह्यापाशी काय बसून राहिला? पानी निवून राहिलं तिकडं. जाय.’’

मी बाह्या वर सारल्या आणि विहिरीकडे गेलो.