तिवरांच्या चिखलात

बोईसरच्या कारखान्यांचं सांडपाणी समुद्राकडे नेणारी जुनी पाइपलाइन बदलायची होती. नव्या लाइनच्या वाटेवर झाडं, खाडी, वस्ती काय आहे ते पायी फिरून तपासणं माझं काम. त्याशिवाय पर्यावरणाची परवानगी मिळत नाही. आराखड्यात खाडीकाठचा एक पट्टा ‘मोकळी जमीन’ दाखवला होता. बांधावरून मला मात्र तिथे हिरवं दिसत होतं. ती तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं असतील, तर कायद्याने तिथे खणता येणार नव्हतं.

वाट दाखवायला चिंचणीच्या एक मावशी आल्या होत्या. खाडीत शिंपल्या वेचण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. माझ्या मागोमागच ये, एवढंच त्यांनी बजावलं होतं. फोटो काढायला मी चार पावलं बाजूला गेले आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो ओढायला डाव्यावर जोर दिला, तर दोन्ही पाय मांड्यांपर्यंत रुतले. चिखल गार होता, त्याला औषधासारखा उग्र वास येत होता. पलीकडच्या ओहोळात पाणी उलटं वाहू लागलेलं दिसलं. भरती लागली होती. मी मावशींना हाक मारली.

त्यांनी वळून पाहिलं. पण धावत आल्या नाहीत. टोपली ठेवून दूरच उभ्या राहिल्या.

“हलू नको,” त्या म्हणाल्या. “मागं टेक, खाटेवर पडतेस तशी.”

“मी बुडेन.”

“नाय बुडणार. उबी राहिलीस तर आत जाशील.”

मी पाठ टेकली. कानाशी चिखल बुडबुडत होता. मी इथे आहे हे घरी कुणाला ठाऊक नव्हतं, एवढंच डोक्यात फिरत होतं. एकेक पाय हलवत किती वेळ गेला, सांगता येत नाही. पाणी कमरेला लागलं तेव्हा दुसरा पाय सुटला. बूट आतच राहिला. मावशी आता मुळांवरून जवळ आल्या होत्या; मी ओढणीचं टोक त्यांच्याकडे फेकलं. ते धरून मावशींनी मला सरपटत तिवरांच्या मुळांपर्यंत ओढलं.

साहेबांनी फोनवर आधी तब्येत विचारली. मग म्हणाले, आराखड्यात आहे तसंच लिहून टाक. आता नोकरीची भीती. तरी मी तिवरं आहेत असं लिहिलं. महिनाभर ऑफिसात कुणी धड बोललं नाही. शेवटी परवानगी आली, ती लाइन रस्त्याच्या कडेने नेण्याच्या अटीवर.

हे सांगायला मी चिंचणीला गेले. मावशी खूश झाल्या, चहा दिला, आणि ओहोटी आहे तर खाडीत चल म्हणाल्या. मी नाही म्हटलं.