आठ किलो तार

तालुका कोर्टाच्या फाटकासमोर हार्डवेअरचं दुकान असलं की खिळे, कड्या, कब्जे सगळं मागवावं लागतं. किस्से तेवढे न मागवता येतात. पुकारा व्हायला वेळ असला की पक्षकार माझ्या ओट्यावर बसतात, वकील आत खुर्चीवर बसतात आणि चहा दोघांनाही एकाच किटलीतला मिळतो. वीस वर्षांत मी कायद्याचं पुस्तक पूर्ण असं एकही वाचलं नाही. अर्धं मात्र तीनदा वाचलंय!

गेलं वर्षभर या चहाला विषय एकच होता. केशोरीकडचा शालिकराम. रानडुकरं धान लोळवून राहिली म्हणून त्यानं धानाच्या बांधीभोवती तार ओढली आणि तारेत करंट सोडला. रोज उजाडलं की बटन बंद करायचा. एके दिवशी उशीर झाला. शेजारचा सुखदेव म्हैस शोधत त्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या कडेच्या बांधावरून, आला. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा गेला.

हे सगळं शालिकरामनं पोलिसांत पहिल्याच दिवशी कबूल केलेलं. आता कोर्टापुढे प्रश्न एवढाच उरला होता: त्या धुऱ्यावरून माणूस येऊ शकतो, हे त्याला माहीत होतं की नव्हतं? नव्हतं, तर थोडक्यात भागण्याची आशा. होतं, तर जेल. घरी बायको, दोन पोरं आणि उभं धान.

* * *

शालिकरामचे वकील म्हणजे आमचे मेश्राम साहेब. मी त्यांना सरळच विचारलं, "साहेब, निष्काळजी आणि बेदरकार यात फरक काय? पेपरवाले तर दोन्ही एकाच ओळीत छापतात."

साहेबांनी दुकानातल्या लाकडी शिडीकडे बोट दाखवलं. "हिची एक पायरी तडकली आहे. तुम्ही पाहिलंच नाही आणि माणूस वर चढवला, तर तुम्ही निष्काळजी. पाहिलं आणि तरी म्हणालात, 'चढ बे, काही होत नाही', तर बेदरकार. पडणारा तोच, उंची तीच, मोडलेला पायही तोच. फरक फक्त तुमच्या डोक्यात!"

मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "शेठ, या तालुक्यात सगळ्यात जास्त हाडं 'काही होत नाही' या तीन शब्दांनी मोडली आहेत."

ते गेले आणि मी आधी करवत काढली. शिडीचे चार तुकडे केले, मगच पुढचं गिऱ्हाईक पाहिलं.

* * *

वेगात गाडी हाणली म्हणजेच बेदरकारपणा, असं मला वाटायचं. मग ट्रॅक्टरवाल्याची केस लागली.

उतारावर उभा केलेला ट्रॅक्टर आपोआप घरंगळला आणि चहाच्या टपरीत घुसला. टपरीवाल्याचा पाय मोडला. ट्रॅक्टरवाला ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होता, "मी तर गाडीवर होतोच नाही न! इंजिन बंद, मी भज्याच्या दुकानात. माह्यावर केस कायची?"

आम्हालाही पटलं. कोर्टात सरकारी वकिलांनी आवाजही न चढवता विचारलं, "चाकाखाली काही होतं?"

"होता न साहेब, गोटा होता. एवढा मोठा. मीच लावला होता!" हा छाती फुगवून म्हणाला. आपण किती काळजी घेतो ते दाखवायला.

"काऊन लावला?"

"ब्रेक लागत नाही न साहेब, म्हणून!"

पुढे एकही प्रश्न झाला नाही. सरकारी वकील शांतपणे खाली बसले. आपल्याकडे तर निम्मे ट्रॅक्टर गोट्यावरच उभे असतात. त्या दिवसापासून रस्त्यात ट्रॅक्टर दिसला की मी आधी चाकाखाली पाहतो आणि मनात म्हणतो, बाप रे, कबुलीजबाब!

* * *

एकदा बोदलकश्याच्या तलावावर गेलो होतो, मासोळी घ्यायला. एक म्हातारा ढीवर, मासे धरणारा, आपल्या डोंग्यातलं, लाकडी होडीतलं, पाणी डब्यानं उपसून राहिला होता. आमच्यासोबत एक पाहुणे होते, नागपूरचे. म्हणाले, "काका, एक चक्कर मारून आणा. म्हणाल ते देतो."

"नाही नेत जी."

"अहो, तुम्ही तर चालला आहात!"

"मी जाऊन राहिलो. याची फट मले मालूम आहे, किती दूर जायचं तेही मालूम आहे. तुमाले काय मालूम? तुमी बसान अन् माह्या तोंडाकडे पाहान. म्हणान, हा भेत नाही, मंग काही भेव नाही."

आणि म्हातारा एकटा निघून गेला. पाहुणे म्हणाले, "हट्टी दिसतो." मी काठावर तसाच उभा. मेश्राम साहेबांना ही गोष्ट सांगितली, तर चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. म्हणाले, "शेठ, हेच समजायला मला तीन वर्षं कॉलेजात घालवावी लागली."

* * *

सुखदेवनं भरपाईचा वेगळा दावा लावला, तेव्हा माझा गोंधळ उडाला. एकाच तारेच्या दोन केसेस?

"फौजदारीत विचारतात, तुझ्या डोक्यात काय होतं?" साहेब म्हणाले. "दिवाणीत विचारतात, तुझ्या जागी एखादा शहाणा माणूस असता, तर त्यानं काय केलं असतं?"

"हा शहाणा माणूस राहतो कुठं?"

"कायद्याच्या पुस्तकात. तीस वर्षं वकिली करतो आहे, एकदाही कोर्टात आलेला पाहिला नाही!"

* * *

आता माझाच किस्सा. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

शालिकरामनं ओढलेली तार माझ्याच दुकानातली. हे कळलं तेव्हा माझी भूक गेली. साहेबांना म्हणालो, "मी विचारलं होतं हो त्याला, कायले पाहिजे म्हणून. तो म्हणाला, कपडे वाळवाले."

"किती तार दिली?"

"आठ किलो."

साहेबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. "आठ किलो! शेठ, त्याच्या घरी बटालियन राहते काय?"

ओट्यावरची माणसं पोट धरून हसली. मीही हसलो. पण दुकान बंद करताना आठवलं. वजन करताना माझ्या डोक्यात डुक्कर आलं होतं, करंटही आला होता. त्यानं 'कपडे' म्हटलं आणि मला बरं वाटलं, एवढंच. तार विकल्याबद्दल मला कोणी कोर्टात उभं केलं नाही. हल्ली पावसाळ्यात कोणी इतकी तार मागितली, तर मी चार प्रश्न विचारतो. गिऱ्हाईक चिडून पुढच्या दुकानात जातं. जाऊ दे.

* * *

शेवटी शालिकरामच्या जबाबाचा दिवस आला. पुरावा त्याच्याच बाजूनं झुकला होता. धुरा गवतानं झाकलेला, वहिवाट दुसरीकडून. खुद्द सुखदेवनंही सांगितलं, "मी तिकून कधी जात नव्हतो, त्या दिवशी म्हैस गेली म्हणून गेलो." मेश्राम साहेबांनी ओट्यावरच शालिकरामला समजावलं, "आता न्यायाधीश विचारतील, काही सांगायचं आहे का? तू सांगायलाच पाहिजे असं कायद्यात नाही. नाही म्हण आणि उभा राहा."

"होय जी," शालिकराम म्हणाला.

मी दुकान उघडं टाकून मागच्या बाकावर जाऊन बसलो. सुखदेव पुढच्या बाकावर होता, उजवा हात मांडीवर ठेवून. ठेवलेला, म्हणजे डाव्या हातानं उचलून ठेवलेला.

न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?"

शालिकरामनं सुखदेवच्या त्या हाताकडे पाहिलं. मेश्राम साहेबांकडे पाहिलंच नाही.

"आहे साहेब. तार लावली त्याच दिवशी मी बायकोले अन् पोराईले सांगितलं होतं, त्या धुऱ्यावर पाय ठेवू नका."

टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली. मेश्राम साहेब अर्धे उठले आणि तसेच खाली बसले.

न्यायाधीश म्हणाले, "तुम्ही काय सांगताय, त्याचा परिणाम समजतो का तुम्हाला?"

"समजून राहिलं साहेब."

"मग सुखदेवला का नाही सांगितलं?"

शालिकरामनं पुन्हा त्या हाताकडे पाहिलं.

"त्याले सांगतलं असतं, साहेब, तर त्यानं तार काढाले लावली असती."