दोन पाळ्यांची कादंबरी

एका महिन्यात कादंबरी लिहायची, हे खूळ मुळात सिस्टरच्या मुलीचं. कुठल्याशा ऑनलाइन गटात तिने नाव घातलं आणि पहिल्याच रविवारी “आई, मला नाही जमत गं” म्हणून सोडूनही दिलं.

“मग मी लिहू का?” भांडी पुसता पुसता सिस्टरने विचारलं.

मुलगी हसली. नवरा हसला नाही, पण म्हणाला, “त्या स्वेटरचं काय झालं?”

स्वेटर एका बाहीवर थांबला होता. टायपिंगचा क्लास सासूबाईंच्या आजारपणात सुटला होता, पोहणं जावेच्या बाळंतपणात. सिस्टरचं स्वतःचं असं जे काही होतं ते सगळं अर्ध्यावर होतं, आणि दरवेळी कारण इतकं रास्त की कुणावर रागही धरता येऊ नये. या खेपेला तिने मनाशी पक्कं केलं, महिना संपायच्या आत शेवटचं वाक्य लिहायचं. मग ते कसंही उतरो.

ती एका इस्पितळाच्या डायलिसिस विभागात नर्स होती. जेवणाच्या सुट्टीत सामानाच्या खोलीत खोक्यावर बसून ती फोनवर अंगठ्याने लिहायची. गोष्ट साधीच होती. एक बाई खोल्या भाड्याने देते, एका भाडेकरूवर तिचा जीव जडतो आणि तो एके दिवशी न सांगता निघून जातो.

लिहिलेलं वाचून दाखवायचा तिचा विचार नव्हता. पण सोमवारच्या पाळीतले टॅक्सीवाले काका सुया टोचलेला हात स्वस्थ ठेवायचे नाहीत. हात हलला की सुई सरके आणि मशीन कोकलत सुटे. एकदा वैतागून सिस्टरने स्टूल ओढलं आणि पहिलं प्रकरण वाचायला घेतलं. काकांचा हात दगडासारखा पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी मंगळवारची पाळी. तिथल्या हेडबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज निवृत्त झाला नव्हता.

“सोमवारवाल्यांना गोष्ट सांगता म्हणे. आमच्या रक्ताला काय वास येतो का?”

मग रोजच वाचन सुरू झालं. घोळ असा, की सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांनी मंगळवार-गुरुवार-शनिवारचं ऐकलेलं नसायचं, आणि त्यांनी यांचं. दोन्हीकडे पहिला प्रश्न ठरलेला, “मधे काय झालं?” सिस्टर तोंडी सांगायची. आणि समोर आडव्या पडलेल्या माणसाचं मन मोडायची तिला सवय नव्हती.

“तो परत येणार बघा,” काका म्हणायचे. “पुरुषमाणूस उगाच नाही जात. काहीतरी अडचण असणार.”

“आलाय तो,” सिस्टर बोलून गेली. “जिन्यात उभा आहे.”

“शाबास. आत घे त्याला.”

आणि दुसऱ्या दिवशी हेडबाई, “आला असेल तर दारातूनच हाकला. नाहीतर मला वाचून दाखवू नका.”

“हाकलला ना,” सिस्टर म्हणाली.

बोललेलं निभवायचं म्हणून ती दोन्ही लिहीत गेली. एका कादंबरीत तो जेवून ढेकर देऊ लागला, दुसरीत बाईने कुलूप बदललं. महिना सरत आला तरी दोन्हींना शेवट नव्हता.

“आधी तुझं एक अर्धं असायचं,” नवरा म्हणाला. “आता दोन.”

हे तिला फार लागलं, कारण खरं होतं.

त्यातच एका सोमवारी विभागातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं आणि सोमवारवाल्यांना दुसऱ्या दिवशी मंगळवारच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसवावं लागलं. काकांना खुर्ची मिळाली ती नेमकी हेडबाईंच्या शेजारची.

“तुमच्याकडे जेवण झालं का त्याचं?” काकांनी आपुलकीने विचारलं.

“कुणाचं?”

“आपल्या भाडेकरूचं.”

“त्याला गुरुवारीच हाकललाय.”

“हाकललाय? अहो, शुक्रवारी तर तो तिच्या छताची गळती काढत होता.”

“कुलूप बदललंय तिने. मी स्वतः ऐकलंय.”

बोलता बोलता दोघांचेही हात उठले आणि दोन्ही मशीनं एकदम कोकलली. सिस्टर धावत आली. तिने आधी सुया पाहिल्या, पट्ट्या नीट केल्या, आवाज बंद केले. मग दोघंही तिच्याकडे बघत राहिली.

“खरं काय ते सांगा,” हेडबाई म्हणाल्या.

सिस्टरच्या लक्षात आलं, की आपल्यालाच माहीत नाही. काकांना काय हवं, हेडबाईंना काय हवं, सगळं तोंडपाठ. गोष्टीतल्या बाईला काय हवं, हे तिने विचारलंच नव्हतं.

“खरं अजून लिहायचंय,” ती म्हणाली. “आणि लिहून होईपर्यंत एक ओळ वाचून दाखवणार नाही. कुणालाही.”

“मग माझा हात?” काका म्हणाले.

“तुमचा हात तुम्ही सांभाळा.”

असं ती कधी कुणाला बोलली नव्हती. काका तोंड फुगवून बसले, पण हात मात्र त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवला. पुढच्या पाळ्यांनाही तसाच.

सामानाच्या खोलीचं दार आता सिस्टर आतून लावून घेऊ लागली. दोन्ही कादंबऱ्यांतलं बरंचसं तिने पुसून टाकलं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, तेही सुट्टी संपता संपता, शेवटचं वाक्य लिहून झालं. थोडा वेळ ती हात मांडीवर टाकून नुसती बसून राहिली, आणि मग कामावर गेली.

दोन्ही पाळ्यांना तिने एकच शेवट वाचून दाखवला. भाडेकरू परत येतो. बाई दार उघडते. त्याची मोठ्या खिडकीची खोली आता रिकामी नसते, कारण तिथे ती स्वतः राहायला गेलेली असते. त्याची पेटी तिने नीट बांधून ठेवलेली असते. ती त्याला चहा देते आणि पेटीही.

“चहा कशाला?” हेडबाई म्हणाल्या. “तेवढा काढा.”

“नाही काढणार,” सिस्टर म्हणाली.

काकांनी त्यांच्या पाळीत नकारार्थी मान हलवली. “खोली द्यायला हवी होती,” ते म्हणाले. “साखर तरी नीट घातली का तिने?”

“घातली,” सिस्टर म्हणाली, आणि त्यांचा रक्तदाब मोजायला वळली.