शनिवारची दुपार आणि मागची रांग

माझा स्वभाव मुळातच संशयी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी सोलापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात सहायक ग्रंथपाल होते, आणि त्या नोकरीत संशय हा गुणच समजला जाई. परत आलेलं पुस्तक आधी उलटंपालटं करून बघायचं. पान फाटलंय का, चित्र कापलंय का, कुणी हळदीच्या बोटांनी शेवटचं प्रकरण आधी वाचलंय का. समोरचा माणूस गोड बोलायला लागला की मी तेच पुस्तक दोनदा तपासत असे.

सात रस्ता चौकापासून आमचं वाचनालय चालत जाण्याजोगं. पण हायस्कूलची मुलं तिथं फिरकायची ती फक्त परीक्षा जवळ आली की, गाइडं मागायला. मुली आल्याच तर आईची कादंबरी बदलून घ्यायच्या आणि मागं वळून न बघता चालू लागायच्या. मला याचं वाईट वाटायचं. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी वाचनकक्ष रिकामाच असतो, तेव्हा या वयाच्या मुलामुलींसाठी कोडी, भेंड्या, गोष्टी असं काहीतरी गमतीचं ठेवू या, असं मी कार्यवाहांना सांगत होते. ते वर्षभर "बघू, बघू" म्हणत होते. मुलं पुस्तकं चोरतील आणि मुली बिघडतील, अशी त्यांची दोन कारणं होती.

आणि दिवाळीनंतर एके दिवशी ते आपणहून माझ्या टेबलाशी आले. शनिवारचा कार्यक्रम सुरू करा म्हणाले. सतरंजी धुवून घेतो, माठ भरून ठेवतो, आणि हो, मुली जरूर येऊ देत, मुलींची संख्या चांगली असू दे. मी मान डोलावली, पण मनात पाल चुकचुकली. ज्या माणसानं वाचनकक्षातला पंखा सुरू करायलाही दहा वेळा विचार केला असता, तो सतरंजी धुवून देतो म्हणजे काहीतरी शिजत होतं.

पहिले दोन-तीन शनिवार छान गेले. मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला, आणि उतरत्या स्टँडपाशी उभे राहून पेपर वाचणारे नेहमीचे म्हातारे कपाळाला आठ्या घालून मध्येमध्ये आमच्याकडे बघत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मी चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. डबा हातोहात फिरायचा, जो चिठ्ठी काढेल त्यानं तीत लिहिलेलं करायचं. कुणी कोडं सोडवायचं, कुणी शिक्षकांची नक्कल करायची. गिरणी कामगाराची एक मुलगी यात सगळ्यांत तरबेज. अकरावीत होती, म्हणजे मॅट्रिकचं वर्ष. अंगानं किरकोळ, पण डोकं असं चालायचं की दुसऱ्या आठवड्यापासून चिठ्ठ्या लिहायचं काम मी तिलाच सोबत घेऊन करायला लागले.

मग हळूहळू मागच्या बाजूला बायका बसायला लागल्या. आधी दोघी, मग चार, मग भिंतीला टेकून अख्खी रांग. मुलींना सोडायला आलेल्या आया असतील, असं मी म्हटलं. पण त्यांतल्या निम्म्या कुणाच्याच आया नव्हत्या. शिवाय ज्या आया पूर्वी "लायब्ररीत पोरीबाळींचं काय काम?" म्हणायच्या, त्याच आता लेकींच्या वेण्यांत अबोलीचे गजरे माळून त्यांना वेळेच्या आधी आणून बसवत होत्या. कोडी सोडवायला गजरा कशाला लागतो?

मागच्या रांगेचे प्रश्नही चमत्कारिक. ती चष्मेवाली, तिला चष्मा वाचण्यापुरताच लागतो की कायम? ती दुसरी एवढी का बोलते, घरीही अशीच का? एकीनं तर मला सुचवलं की डबा फिरवण्यापेक्षा मुलींनी एकेकीनं उठून, चालत पुढं येऊन चिठ्ठी काढावी, म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल.

तिथं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझं लग्न जमलं नाही, पण बघण्याचे कार्यक्रम इतके झाले होते की त्यातली एकूण एक खोच मला पाठ होती. चालून दाखव म्हणजे पाय कळतात. सुई ओव म्हणजे नजर कळते. पेपर वाच म्हणजे जीभ कळते. माझ्या शनिवारच्या दुपारी, माझ्या कोड्यांच्या आडून, मुली बघायचं चाललं होतं, आणि त्या बिचाऱ्यांना त्याची गंधवार्ता नव्हती. माझं डोकंच फिरलं.

मी तडक कार्यवाहांकडे गेले. ते मुळीच ओशाळले नाहीत. त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, कुंभारीहून मुलासाठी स्थळं बघत गावोगाव हिंडावं लागत होतं, घरोघरचे पोहे खाऊन त्यांचं पोट बिघडलं होतं. त्यापेक्षा एका सतरंजीवर दहा मुली दिसतात, यात वाईट काय, असं त्यांनी मलाच विचारलं. मुलींच्या आयांना आम्ही कळवलंच आहे म्हणाले. आणि तुम्हाला पटत नसेल तर कार्यक्रम बंद करू.

पुढच्या शनिवारी चिठ्ठ्यांसाठी कागद फाडता फाडता गिरणी कामगाराची ती मुलगी मान वर न करता बोलली. कुंभारीच्या आक्कांनी तिलाच पसंत केलं होतं. आई खुशीत होती, शेती आहे, घर मोठं आहे. लग्न माघात उरकायचं आणि पुढचं पुढं, असं घरात चाललं होतं.

"परीक्षा मार्चमध्ये हाय की, बाई," ती म्हणाली. "मला परीक्षेला बसायचंय. बाकी काय नको मला."

कार्यक्रम बंद केला तर तिचं बाहेर पडणंच बंद होणार, आणि चालू ठेवला तर मागची रांग तशीच बसणार. मी त्या बायकांना हाकलू शकत नव्हते. मग मी एक नियम काढला. सतरंजीवर जो बसेल त्यानं चिठ्ठी काढायची, वय कितीही असो. मुलांनी टाळ्या पिटल्या. मागच्या रांगेत चुळबुळ झाली. एकीला दूध तापत ठेवल्याचं आठवलं, दुसरीला सासूचं औषध, आणि बघता बघता भिंत रिकामी झाली. मला मनापासून आनंद झाला. पण आक्का उठल्या नाहीत. हिरवं इरकल नेसलेल्या, रुंद कुंकू लावणाऱ्या त्या बाई मांडी घालून बसूनच राहिल्या.

डबा त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी चिठ्ठी काढली, उलगडली, लांब धरली, जवळ आणली, फिरवून पाहिली. चष्मा कुंभारीला राहिला म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठी उलटी धरली होती. आता सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती आणि कुणीतरी फिसकन हसलं. मला त्या बाईला घालवायचं होतं, पण असं नव्हतं घालवायचं.

तेवढ्यात ती मुलगी उठली आणि आक्कांच्या शेजारी जाऊन बसली. बारीक लिहिलंय मावशी, मी वाचते, असं म्हणून तिनं चिठ्ठी हातात घेतली.

"यात विचारलंय, तुमच्या मुलाचं शिक्षण किती झालंय?"

सगळ्या चिठ्ठ्या आम्ही दोघींनी लिहिल्या होत्या. त्यांत असली चिठ्ठी नव्हती. लेकीला न्यायला येऊन दाराशी थांबलेल्या तिच्या आईचा चेहरा उतरला. पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या.

आक्कांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. या वेळी पाय बघितले नाहीत की रंग बघितला नाही.

"सातवी," त्या म्हणाल्या. "फुडं शाळंत गेला न्हाय."

मुलीनं पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"खाली अजून एक आहे. त्याला मॅट्रिक झालेली बायको चालेल का?"

आक्कांनी तिच्या हातातून चिठ्ठी परत घेतली.

"त्येला चालंल की," त्या म्हणाल्या. "पन तिला त्यो चालायचा न्हाय."

मग त्यांनीच डबा उचलून पुढच्या मुलापुढं सरकवला, आणि खेळ पुढं सुरू झाला.

कुंभारीहून पुन्हा निरोप आला नाही. आईनं मुलीला शनिवारी पाठवणं बंद केलं आणि स्वतः रस्त्यात भेटली तरी माझ्याशी बोलत नसे, पण मार्चमध्ये मुलगी परीक्षेला बसली, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. कार्यवाहांचा शनिवारमधला रस त्याच आठवड्यात संपला. सतरंजी नंतर आम्हीच झटकायचो. येणारी मुलं कमी झाली, गजरे तर संपलेच, पण जी आली ती कोड्यांसाठी आली.

त्या दुपारी कार्यक्रम संपल्यावर आक्का चपला घालत दारात थांबल्या होत्या. त्या आता भावाकडे तक्रार करणार, माझी नोकरी जाणार, या भीतीनं मी त्यांच्या मागोमाग गेले. त्यांच्या मुठीत ती चिठ्ठी होती. ती माझ्यापुढं धरून त्यांनी विचारलं, हिच्यात खरं काय लिवलंय.

मांजराचा आवाज काढून दाखवा, असं लिहिलं होतं. मी तसं सांगितलं. आक्का हसल्या, आणि हसताहसता त्यांचे डोळे भरून आले.

"मला बघाया आलते तवा मी ह्या पोरीपरास ल्हान हुते," त्या म्हणाल्या. "मला बी लई इचारायचं हुतं, बाई."